किती पौंड, पण किती इंचांवर?

इंग्लिश घडणीचे जड लाकडी धनुष्य हातात घेतले, तर मुठीशेजारी कारागिराने बारीक अक्षरात दोन आकडे लिहिलेले दिसतात. पहिला पौंडांचा, दुसरा इंचांचा. ११० आणि ३२, किंवा १४० आणि ३०. धनुष्यांच्या गप्पा निघाल्या की पहिला आकडा सगळे सांगतात आणि दुसरा गिळून टाकतात. ‘दीडशे पौंडांचे धनुष्य’ म्हटले की डोळ्यांपुढे पहिलवान उभा राहतो. पण दोरी किती मागे आणल्यावर दीडशे पौंड भरले, हे कळल्याशिवाय त्या बोलण्याला अर्थ नाही. तेच धनुष्य २८ इंचांवर थांबवले तर एक चीज असते, ३२ इंचांवर नेले तर दुसरीच. मध्ययुगीन इंग्लंडमधली माणसे एवढी जड धनुष्ये खरोखर ओढत होती का, आणि ओढत असतील तर कशी, हा वाद गेली चाळीसेक वर्षे जोरात आहे. माझ्या मते तो बराचसा या गिळलेल्या दुसऱ्या आकड्याचा वाद आहे. ओढीची लांबी ही काही हाताच्या लांबीवरून ठरणारी गोष्ट नव्हे. शरीर धनुष्याच्या मागे कसे उभे राहते, त्यावर ती ठरते.

आधी साधे गणित पाहू. दोरी चढवलेल्या लांब धनुष्यात मूठ आणि दोरी यांच्यात सुमारे ६ इंचांचे अंतर असते. म्हणजे २८ इंचांची ओढ हा प्रत्यक्षात २२ इंचांचाच प्रवास, आणि ३२ इंचांची ओढ २६ इंचांचा. साध्या लाकडी धनुष्याचा ताण जवळपास सरळ रेषेत वाढतो आणि शेवटी शेवटी जरा जास्तच चढतो. २८ इंचांवर १२० पौंड भरणारे धनुष्य ३२ इंचांवर नेले, तर ताण १४२ पौंडांच्या आसपास जातो. साठलेली ऊर्जा मात्र सुमारे १५० ज्यूलवरून २०८ ज्यूलवर पोचते, म्हणजे जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढते. कारण ताणही वाढला आणि तो ज्या अंतरावर काम करतो ते अंतरही वाढले. ही सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही, काही भाग धनुष्याच्या स्वतःच्या लाकडाला हलवण्यात जातो. बाण जड असेल तर त्याच्या वाट्याला जास्त येते. म्हणूनच लढाईचे बाण जाडजूड असत.

मग ओढत राहावे की आणखी चार इंच! पण लाकूड ऐकत नाही. यू नावाच्या झाडाच्या खोडातून धनुष्याची काठी काढतात तेव्हा पाठीवर बाहेरचे पांढरे लाकूड ठेवतात आणि पोटाला आतला तांबूस गाभा. पांढरे लाकूड ताण सोसते, गाभा दाब सोसतो. निसर्गाने एकाच फळीत दिलेली ही जोडी आहे, आणि यूला एवढी किंमत आली ती तिच्यामुळे. १४७२ मध्ये इंग्लंडच्या राजाने कायदाच केला, की बंदरात येणाऱ्या परदेशी गलबताने मालाच्या दर टनामागे चार धनुष्यकाठ्या आणल्या पाहिजेत. तरीही या लाकडाला मर्यादा आहे. कारागीर दोन्ही टोके सारखी वाकेपर्यंत लाकूड तासत जातो, आणि ते ठरावीक इंचांसाठीच तासतो. पूर्ण ओढलेले धनुष्य दहापैकी नऊ हिस्से मोडलेलेच असते, असे हे कारागीर मानतात. त्यामुळे ओढीची लांबी आधी ठरते, मग धनुष्य घडते. उलट क्रमाने गेले की पोटाकडच्या लाकडावर आडव्या बारीक चिरा पडतात आणि एके दिवशी कानाशेजारी स्फोट होतो.

तर इतिहासातली ओढ किती इंचांची होती? १९८२ पर्यंत यावर अंदाजच चालत. १९ जुलै १५४५ रोजी आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोज’ हे लढाऊ जहाज पोर्ट्समथसमोर सोलंटच्या पाण्यात बुडाले. १८३६ ते १८४० या काळात डीन बंधूंनी पाण्यात उतरून त्यावरची थोडी धनुष्ये वर काढली होती. पण खरा साठा विसाव्या शतकातल्या उत्खननात मिळाला, आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी जहाजाचा सांगाडाच वर आला. एकूण १७२ धनुष्ये, काही पेट्यांत जशीच्या तशी रचलेली, आणि साडेतीन हजारांच्या घरात बाण. चार शतकांच्या चिखलाने जे जपले, ते जमिनीवरच्या कुठल्याही शस्त्रागाराने जपले नव्हते. धनुष्यांची लांबी १.८७ मीटरपासून २.११ मीटरपर्यंत आहे, म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा धनुष्य उंच.

लोकांचे लक्ष धनुष्यांकडे गेले. मला मात्र बाण जास्त बोलके वाटतात. जुन्या इंग्लिश पोवाड्यांत कापडाच्या गजाएवढ्या बाणाचा उल्लेख येतो, त्यावरून ३७ इंचांच्या बाणाची दंतकथा तयार झाली होती. मेरी रोजच्या बाणांनी ती मोडीत काढली. दोरीच्या खाचेपासून लोखंडी फाळाच्या बुडापर्यंत बहुतेक बाण ३० इंचांच्या आसपास भरतात. लढाईचा बाण फाळाच्या मागच्या कडेपर्यंत ओढता येतो, त्यापुढे फाळ मुठीवर आदळतो. म्हणजे बाणाची लांबी ही ओढीची वरची हद्द झाली. आणि हजारोंनी बाण बनवणारा सरकारी कारखाना प्रत्येक काडीला दोन-तीन इंच लाकूड उगाच जास्त लावणार नाही, कारण लांब बाण जास्त लवचिक होतो आणि जड धनुष्यावर तो वळवळतो. तेव्हा ३० इंच हीच नेहमीची पूर्ण ओढ होती, असे मानायला जागा आहे.

आता त्या जहाजावरच्या माणसांकडे वळू. सांगाड्यांचा अभ्यास ॲन स्टर्लंड यांनी केला. पुरुषांची सरासरी उंची सुमारे १७१ सेंटिमीटर निघाली. आजचे तिरंदाजी प्रशिक्षक नवख्याची ओढ काढताना दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर मोजतात आणि त्याला अडीचने भागतात. १७१ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा पसारा तेवढाच धरला तर ६७ इंच. भागिले अडीच, जवळजवळ २७ इंच. हनुवटीशी दोरी टेकवून नेम धरणाऱ्याची ही ओढ झाली. मग ३० इंच कुठून आले? हनुवटीपासून कानापर्यंतचे अंतर तीनेक इंच असते. गणित इथे चपखल बसते: मेरी रोजवरची माणसे दोरी हनुवटीशी थांबवत नव्हती, कानापर्यंत नेत होती.

मराठीला हे नवे नाही. ‘आकर्ण’ हा शब्द आपण आज डोळ्यांच्या वर्णनात किंवा ओठभर पसरलेल्या हसण्याला वापरतो, पण तो मुळात धनुष्याच्या दोरीशीही बांधलेला आहे. आकर्ण ओढणे म्हणजे पूर्ण ओढणे. वसिष्ठाच्या नावावर असलेल्या धनुर्वेदात दोरी कुठवर आणावी याच्या पाच जागा सांगितल्या आहेत. केसांच्या मुळाशी, कानाशी, मानेशी, खांद्याशी या त्यांतल्या चार, आणि त्यातली खांद्याशी येणारी ओढ कठीण वस्तू भेदण्यासाठी व लांबच्या पल्ल्यासाठी सुचवली आहे. ओढीची एकच बरोबर लांबी नसते, काम बदलले की ती बदलते, ही समज त्या ग्रंथात स्पष्ट आहे. पश्चिमेकडेही हा मुद्दा जुना आहे. सहाव्या शतकातला इतिहासकार प्रोकोपियस सांगतो, की होमरचे वीर दोरी छातीशी आणत, तर आपल्या काळचे घोडेस्वार उजव्या कानापर्यंत ओढतात, आणि म्हणून त्यांचा बाण ढाल-चिलखताला जुमानत नाही. इंग्रजीतले धनुर्विद्येवरचे पहिले पुस्तक, रॉजर ॲस्कमचे ‘टॉक्सोफिलस’, मेरी रोज बुडाली त्याच १५४५ साली छापले गेले. तोही छातीऐवजी कानाचीच बाजू घेतो.

वजनाचा अंदाज कसा बदलत गेला, तेही पाहायला हवे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातले शल्यविशारद आणि हौशी तिरंदाज सॅक्स्टन पोप यांनी लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलेल्या मेरी रोजच्या एका धनुष्याच्या मापाबरहुकूम अमेरिकन यूची नक्कल घडवली. ती २८ इंचांवर ६५ पौंडांच्या आसपास भरली. पुढे बरीच वर्षे अशाच आकड्यांवर भिस्त राहिली, कारण ते तिरंदाजांच्या रोजच्या अनुभवाशी जुळत होते. स्वतः ५० पौंड ओढणाऱ्याला ७० पौंडांचा पूर्वज पटतो, १५० पौंडांचा पटत नाही. पण पोप यांच्या हातातले लाकूड वेगळे होते आणि त्यांनी वजन मोजले ते २८ इंचांवर. इथेही दुसऱ्या आकड्याने घात केला.

मेरी रोजचे मूळ लाकूड चारशे वर्षे पाण्यात मऊ झालेले, त्यामुळे ते ओढून पाहिले तरी आकडा कमीच येणार. म्हणून दुसरी वाट धरली गेली. नट म्हणून जगाला माहीत असलेले, पण धनुष्याचे खरे अभ्यासक असलेले रॉबर्ट हार्डी, धातू आणि लाकडाच्या ताकदीचे जाणकार प्राध्यापक प्रॅट आणि डच गणिती कूई यांनी धनुष्यांची मापे, लाकडाची घनता आणि लवचिकता मांडून हिशेब केला. रॉय किंग यांनी त्या मापांची धनुष्ये घडवली आणि प्रत्यक्ष ताण हिशेबाशी जुळतो का ते पडताळले गेले. निष्कर्ष असा निघाला, की ३० इंचांवर ही धनुष्ये साधारण १०० ते १८५ पौंडांची होती, म्हणजे ४५ ते ८४ किलो. मॅथ्यू स्ट्रिकलंड आणि हार्डी यांच्या २००५ च्या ‘द ग्रेट वॉरबो’ या ग्रंथात हा सगळा पुरावा एकत्र मांडला आहे. या विषयाचे ते आजही सर्वांत भक्कम पुस्तक आहे.

आता मूळ प्रश्न. ६०-७० किलो ताणाची दोरी एक माणूस दिवसभर कानापर्यंत कशी आणत होता?

हाताच्या जोराने नाही, हे उत्तर ह्यू लॅटिमर या धर्मगुरूने १५४९ मध्येच देऊन ठेवले आहे. सहाव्या एडवर्डसमोरच्या प्रवचनात त्याने आपल्या बापाची आठवण सांगितली. बापाने त्याला धनुष्यात अंग कसे घालायचे ते शिकवले. इतर देशांतले लोक दंडाच्या बळावर ओढतात, आपण सगळ्या शरीराच्या बळावर ओढावे, असे शिकवले. वय आणि ताकद वाढेल तसतशी जड धनुष्ये घेऊन दिली. एका शेतकऱ्याच्या घरातली ही तालीम आहे, कुठल्या छावणीतली नव्हे. तिच्यातले ‘अंग घालणे’ हेच सगळ्या तंत्राचे बीज आहे. १७९१ मध्ये विल्यम गिल्पिनने हीच गोष्ट जास्त उघड करून लिहिली: इंग्रज डावा हात स्थिर ठेवून उजव्याने दोरी ओढत नसे, उजवा हात दोरीवर जागच्या जागी ठेवून तो आपले सगळे वजन धनुष्यात ढकलत असे.

आज जड धनुष्य मारणारे लोक हे प्रयोगातून पुन्हा शिकले आहेत. पाय रुंद, पुढच्या पायावर थोडा जास्त भार, मागचे ढुंगण बाहेर. धनुष्य सुरुवातीला जमिनीकडे झुकलेले असते, काही जण ते आकाशाकडे धरतात. दोरीवरची बोटे पहिल्या पेराच्या खाचेत घट्ट अडकलेली असतात. टोकांनी धरलेली दोरी इतक्या ताणाला निसटतेच. दोरीचा हात जबड्याजवळून कानाकडे सरकतो. खरी हालचाल दिसते ती धनुष्याच्या हाताची आणि कमरेची. माणूस धनुष्याखाली शिरतो, छाती उघडतो, आणि धनुष्य पुढे सारत उभा राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो धनुष्य ओढताना दिसत नाही, धनुष्य आणि दोरी यांच्या मधली जागा अंगाने व्यापताना दिसतो. मला ही हालचाल अतिशय देखणी वाटते. ताकदीच्या खेळात इतकी नितळ हालचाल क्वचित पाहायला मिळते.

या हालचालीचा जीव खांद्यात आहे. धनुष्याच्या हाताचा खांदा खाली आणि आत बसलेला हवा. तो वर कानाकडे चढला की दंडाचे हाड वरच्या हाडाला घासू लागते आणि मधला स्नायुबंध चिरडतो. हलके धनुष्य ही चूक वर्षानुवर्षे माफ करते, जड धनुष्य एका हंगामातच दाखवून देते. दोरीच्या बाजूला दंडाच्या पुढच्या स्नायूने ओढायला गेले की हात थरथरतो आणि दोरी गालाशीच अडकते. पाठीची फळी मणक्याकडे सरकली, कोपर बाणाच्या सरळ रेषेत किंवा किंचित मागे गेले, की ताण हाडांवर टेकतो. मूठ, मनगट, दंड, दोन्ही खांदे आणि मागचे कोपर एका ओळीत येतात. ही ओळ जमली की ओढीत आपोआप दोन-तीन इंच वाढतात. हातांची लांबी बदललेली नसते, खांदे जागेवर बसलेले असतात. म्हणून मी म्हटले, ओढीची लांबी हे तंत्राचे फळ आहे. जो माणूस २७ इंचांवर अडकतो तो बहुधा दुबळा नसतो, त्याचा खांदा वर अडकलेला असतो.

भारतातला एक जुना दाखला इथे आठवतो. सिकंदराबरोबर आलेल्या नेआर्कसने लिहिलेले इतिहासकार आरियनने जपून ठेवले आहे: भारतीय पायदळाचे धनुष्य माणसाएवढे उंच, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबत आणि दोरी खूप मागे ओढत, बाण तीन हातांना थोडा कमी. इसवी सनपूर्व ३२६ मध्ये झेलमकाठच्या लढाईत पावसाने जमीन निसरडी झाली आणि ही धनुष्ये टेकवायला जागा मिळेना, असे रोमन इतिहासकार कर्टियस सांगतो. पाय, जमीन आणि पाठ यांना कामाला लावण्याची ही अगदी वेगळी रीत. अडचण मात्र तीच होती, दंड पुरत नाही ही.

ॲस्कमने मारण्याचे पाच भाग पाडले: उभे राहणे, बाण लावणे, ओढणे, धरणे, सोडणे. त्यातल्या ‘धरणे’ या भागाबद्दल तो जे म्हणतो ते जड धनुष्यासाठी मोलाचे आहे. धरणे इतके थोडके असावे की ते डोळ्यांना न दिसता मनालाच कळावे. लांबवले तर धनुष्य मोडायची भीती आणि नेमही बिघडतो. १४० पौंड घेऊन कानाशी पाच सेकंद उभे राहणे हा पराक्रम नाही, चूक आहे. ओढ पूर्ण होते त्याच क्षणी, हालचाल न तोडता, दोरी सुटली पाहिजे. ॲस्कम तिरंदाजांच्या खोडीही मोठ्या मौजेने सांगतो; मान इतकी पुढे काढणारा की जणू निशाणाला चावायला निघाला आहे. मान पुढे काढणे ही आजही सगळ्यात सामान्य खोड आहे, आणि ती ओढीचा इंचभर तरी खाऊन टाकते.

मग आपल्या डोक्यात हनुवटीची आणि २८ इंचांची ओढ कुठून बसली? बरेचसे श्रेय होरेस फोर्ड यांचे. १८४९ पासून सलग अकरा वर्षे ते इंग्लंडचे विजेते होते, आणि १८५७ मध्ये चेल्टनहॅमला त्यांनी केलेले १२५१ गुण पुढे कित्येक दशके कुणाला ओलांडता आले नाहीत. फोर्ड यांचा विचार सोपा आणि बिनतोड होता: बाण उजव्या डोळ्याच्या बरोबर खाली असेल तर नेम डावा-उजवा जात नाही, कानापर्यंत ओढले की बाण डोळ्याच्या बाजूला सरकतो. म्हणून दोरी जबड्याखाली आणावी. ५०-५५ पौंडांच्या धनुष्याने १०० यार्डांच्या आतल्या चकतीवर मारायचे असेल तर ते खरेच आहे. फोर्ड यांनी कानाची ओढ चुकीची ठरवली नाही, खेळ बदलला. पुढे अमेरिकन उद्योगाने धनुष्याचे वजन २८ इंचांवर नोंदवण्याचा प्रघात पाडला आणि तो आकडा जगभर निसर्गनियमासारखा पसरला.

आज महाराष्ट्रात तिरंदाजी म्हटले की साताऱ्याचे नाव घेतले जाते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला जागतिक स्पर्धेत ओजस देवतळे आणि अदिती स्वामी यांनी कंपाउंड प्रकारातली वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली, आणि दोघांचीही तयारी साताऱ्यात झालेली. त्यांच्या कंपाउंड धनुष्याला नियमाने ६० पौंडांची मर्यादा आहे, आणि टोकांवरच्या चाकांमुळे पूर्ण ओढीला त्याचा बहुतेक भार नाहीसा होतो, म्हणून शांत उभे राहून नेम धरता येतो. तो सारा खेळ धरण्याचा आहे, जड लाकडी धनुष्यात धरायलाच सवड नसते. एकाचे धडे दुसऱ्याला लावले की गोंधळ होतो. खांदा खाली ठेवणे आणि पाठीने ओढणे एवढे दोन्हीकडे समान आहे.

आजच्या जड-धनुष्यवाल्यांबद्दलही माझी एक तक्रार आहे. त्यांच्यात ३२ इंच ही ओढ जवळजवळ ठरून गेली आहे. १५ ऑगस्ट २००४ रोजी सॉमरसेटमध्ये मार्क स्ट्रेटन यांनी २०० पौंडांचे लांब धनुष्य साडेबत्तीस इंचांपर्यंत ओढले, आणि तो गिनेस विक्रम ठरला. जो गिब्स यांनी २०१९ मध्ये १६० पौंडांच्या धनुष्याने पंधराव्या शतकातल्या घडणीच्या छातीकवचावर बाण मारून दाखवले. कवचाने ते परतवले, पण त्यांच्या ओढीतली सहजता पाहण्यासारखी आहे. ही माणसे नसती तर ‘अशी धनुष्ये ओढणे अशक्य’ असे म्हणणारे अजून म्हणत राहिले असते. पण ३२ इंच हा आजच्या उंच माणसांचा आणि लांब पल्ल्याच्या स्पर्धांचा आकडा आहे. मेरी रोजचे बाण ३० इंचांचे आहेत. ३२ इंचांवर १५० पौंड भरणारे धनुष्य ३० इंचांवर १३८ च्या आसपास भरते, २८ वर १२७. ‘मी दीडशे ओढतो, तेही दीडशे ओढत’ असे म्हणताना हे बारा पौंड हिशेबातून निसटतात. इतिहासाशी तुलना करायची तर दोघांना एकाच इंचावर उभे करायला हवे.

या सगळ्याची किंमत शरीराने मोजली. खांद्याच्या पात्याचे वरचे टोक विशीच्या आसपास मूळ हाडाला सांधते. मेरी रोजच्या सांगाड्यांत ते टोक न सांधलेले खांदे सुमारे बारा टक्के निघाले, एरवीच्या माणसांत हे प्रमाण तीन ते सहा टक्के असते. स्टर्लंड यांनी त्याचा संबंध लहानपणापासूनच्या जड धनुष्याशी जोडला. मला तो जोडलेला धागा पटतो, पण एकट्या हाडावर सगळा भार टाकू नये. जहाजावर दोरखंड ओढणे आणि तोफा सरकवणे हेही खांद्याचेच काम. जुने कायदे मात्र या तालमीची साक्ष देतात. १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्डने सणवारी धनुष्याचा सराव सक्तीचा केला. १५४१ च्या कायद्याने चोवीस वर्षांवरच्या पुरुषाला २२० यार्डांपेक्षा जवळच्या निशाणावर मारायला मनाई केली. तरुण हाड सांधायच्या वयातच हात जड धनुष्याला लागत, आणि चोविशीनंतर जवळच्या सोप्या निशाणाची सवलतही संपे. १४८३ मध्ये इंग्लंड पाहून गेलेल्या डॉमिनिक मान्चिनी या इटालियनाला त्या माणसांचे हात लोखंडाचे वाटले, यात नवल नाही.

आज कुणाला या वाटेने जायचे असेल तर लॅटिमरच्या बापाचीच पद्धत धरावी. ३५-४० पौंडांवर पूर्ण ओढ आणि खाली बसलेला खांदा पक्का करावा, आणि मगच पाच-पाच पौंडांनी वर जावे. वजन वाढवताना ओढ एका इंचानेही कमी झाली, तर ते वजन अजून आपले नाही. ८० पौंड अर्धवट ओढण्यापेक्षा ६० पौंड कानापर्यंत आणणे केव्हाही चांगले. खांदाही वाचतो आणि वरच्या हिशेबाप्रमाणे बाणही फारसा मागे राहत नाही.

एवढे झाल्यावरही शंका घेणारे एक गोष्ट पुढे करतात, आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. मेरी रोजवर एकही दोरी टिकली नाही. बाणाच्या शेवटाची खाच मात्र टिकली आहे, आणि ती जेमतेम तीन मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे भांगेच्या किंवा जवसाच्या तंतूंची तेवढीच जाड दोरी दीडशे पौंडांचा झटका सोसत होती. आजचे बहुतेक जण कृत्रिम धाग्याची दोरी वापरतात, त्यामुळे हा प्रश्न बाजूला पडतो. माझे लक्ष त्याच खाचेतल्या दुसऱ्या गोष्टीकडे जाते. खाचेला आडवी अशी एक बारीक चीर पाडून तिच्यात शिंगाची पातळ पट्टी बसवलेली असे, दोनेक इंच लांब, बाणाच्या पोटात सरसाने चिकटवलेली. हलक्या धनुष्याच्या बाणाला तिची गरज पडत नाही. जड धनुष्याची दोरी मात्र सुटताना लाकूड मधोमध फाडत जाईल, म्हणून ती घातली जाई. मेरी रोजच्या बाणांचे शिंग समुद्राने बहुतेक विरघळवून टाकले आहे; ज्या चिरेत ते बसवले जाई, ती चीर लाकडात अजून उघडी आहे.